सुपोषण : संज्ञा आणि वस्तुस्थिती

गोड्या पाण्याच्या जलाशयात नत्र व स्फुरद यांचा संचय होऊन शैवलांची आणि जलवनस्पतींची बेसुमार वाढ होते. या प्रक्रियेस मराठीत 'सुपोषण' अशी संज्ञा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'चांगले पोषण' असाच होतो. परंतु मेळघाटामुळे 'कुपोषण' हा शब्द ज्या अमरावती जिल्ह्यात घरोघरी पोहोचला, तेथे 'सुपोषण' म्हणजे इष्ट स्थिती असाच बोध होणार. जलाशयाच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

धामणगाव रेल्वेच्या परिसरातील शेतकऱ्यास स्फुरद परिचित आहे. कपाशी व सोयाबीन या पिकांना ते खतातून दिले जाते. काळ्या मातीत ते कणांस चिकटून राहते. मात्र पावसाच्या लोंढ्यात माती वाहू लागली, की तिच्यासह नाल्यात व पुढे जलाशयात उतरते. वस्तीच्या सांडपाण्यातूनही त्याची भर पडते.

शैवलाच्या घडणीत स्फुरदाच्या एका अणूमागे सरासरीने नत्राचे १६ व कार्बनाचे १०६ अणू लागतात. कार्बन हवेतून मिळतो. काही नीलहरित शैवले नत्रही हवेतून घेतात. स्फुरदाला असा वायुरूप साठा नाही. म्हणून त्याच्या अल्पशा भरीने वाढ अनेक पटींनी होते. कॅनडातील '२२६' क्रमांकाच्या सरोवरात १९७३ साली मध्ये पडदा घालून दोन्ही भागांत कार्बन व नत्र, आणि एकाच भागात स्फुरद, मिसळण्यात आले. तोच भाग शैवलांनी हिरवा झाला.

दाट शैवलामुळे प्रकाश तळाशी पोहोचत नाही व तेथील वनस्पती मरतात. मृत शैवल कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. प्राणवायूच्या अभावी गाळात बद्ध असलेले स्फुरदही पुन्हा पाण्यात मिसळते. यामुळे बाहेरील पुरवठा थांबल्यावरही जलाशय सुधारण्यास पुष्कळ वर्षे लागू शकतात.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर अलीकडच्या काळात पसरलेली जलपर्णी, म्हणजेच केंदाळ, हे विदर्भातील ठळक उदाहरण होय. केंदाळ उपसल्याने त्यात साठलेली पोषकद्रव्ये काही अंशी बाहेर पडतात. परंतु सांडपाणी येतच राहिले, तर ते पुन्हा फोफावते. उपाय उगमापाशीच करावा लागतो.

या दृष्टीने 'अतिपोषण' हा पर्याय अधिक अन्वर्थक ठरेल. संज्ञेनेच दोष झाकला, तर त्याच्या निवारणाची निकड वाचकास जाणवत नाही.