पुण्याचा क्लॅरिओनेट ऐकलाय का?

मिरवणुकीतल्या बँडमध्ये सुरेल गाणं वाजवणारं ते काळं वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट. पुण्यात त्याचं नाव घेतलं की वादक बंडोपंत सोलापूरकर आठवायलाच हवेत. सोलापूरकरांचा प्रभात ब्रास बँड 1938 सालचा, आणि मानाच्या गणपतीच्या मिरवणुकीत त्याचे सूर आजही ऐकू येतात. बँडवाला म्हणून या कलावंतांना बाजूला ठेवणं मला अजिबात पटत नाही.

कारण हे वाद्य अवघड आहे. बासरीत जोरात फुंकलं की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. क्लॅरिओनेटमध्ये मात्र बोटं तशीच ठेवून मागची कळ दाबली की सा चा थेट वरच्या सप्तकातला प होतो! म्हणजे वरच्या सप्तकासाठी बोटांची निराळी मांडणी शिकावी लागते. शिवाय मींड काढायची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जायचं, तर ओठांचा दाब बदलत भोकावरचं बोट हळूहळू सरकवायचं. ही तयारी गुरूसमोर बसूनच होते.

घरातल्या मुलांना वाद्य शिकायचं असेल, तर या वाद्याचाही जरूर विचार करा. अनंत चतुर्दशीला त्यांना लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत न्या, बँडच्या अगदी जवळ उभं करा.