गप्प बसायलाही वीज लागते

मिट्ट काळोखात उभा असलेला माणूस चकाकत असतो. शरीराची ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने अखंड बाहेर पडते आणि या किरणांचा सर्वांत जास्त जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. आपल्या डोळ्यांची धाव ०.७ मायक्रोमीटरपाशीच संपते, म्हणून अंधारात आपण एकमेकांना दिसत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात बसवलेल्या मुठीएवढ्या पांढऱ्या डबीला मात्र आपण दिसतो. दाराशी चोर आला, की तिला ते कळतं त्याच्याच अंगाच्या उजेडावरून.

या डबीला पीआयआर सेन्सर म्हणतात. तिच्या पोटात एक विशेष स्फटिक असतो. त्याचं तापमान बदललं की पृष्ठभागावर विद्युतभार उमटतो आणि तापमान स्थिरावलं की तो विरून जातो. त्याला ऊब कळत नाही, उबेतला बदल कळतो. असे दोन तुकडे शेजारी शेजारी, पण उलट जोडलेले असतात. समोरची भिंत उन्हाने तापली, तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडून टाकतात. माणूस चालत गेला, तर त्याची ऊब आधी एकावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि डबी जागी होते. पुढे दुधी रंगाचं भिंग असतं. फ्रान्सच्या फ्रेनेलने दीपगृहाचा उजेड लांबवर फेकण्यासाठी कडीकडीचं भिंग घडवलं आणि १८२३ मध्ये ते कोर्दुआँच्या दीपगृहावर बसलं. दोनशे वर्षांनी तीच कल्पना उलट्या दिशेने राबते आहे: जहाजांकडे उजेड पाठवण्याऐवजी माणसाची ऊब गोळा करण्यासाठी. फक्त हे भिंग पॉलिथिनचं, कारण या लांब लहरी काचेतून पार होत नाहीत. भिंगामुळे समोरच्या जागेचे पट्टे पडतात. पट्टे आडवे ओलांडणारा माणूस चटकन सापडतो, सरळ सेन्सरवर चालून येणारा उशिरा. म्हणून डबी दाराच्या समोर लावण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर लावावी.

आता हे सगळं एखाद्या आंब्याच्या बागेतल्या मांगरात न्यायचं आहे. कोकणात डोंगरउतारावर असे मांगर ठिकठिकाणी दिसतात. विजेचा शेवटचा खांब खाली वाडीत, बाग वर. आत फवारणीचा पंप, डिझेल इंजिन, क्रेट, कधी शाकारलेली एखादी खोली. आंबा उतरला की कुलूप लागतं आणि घरची माणसं मुंबईला. राखणीला कुणी नाही, लाइट नाही. इथे अलार्म चालणार कसा?

गंमत अशी, की अलार्मला तारेवरच्या विजेची गरज मुळात कधी नव्हतीच. बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर वाजणाऱ्या चोरघंटीचं पेटंट घेतलं ते १८५३ साली. दार उघडलं की मंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक हलायचा आणि घंटा वाजायची, सगळं बॅटरीवर. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं १८८२ मध्ये. म्हणजे घरोघरी वीज पोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी चोरघंटी जन्मली होती. आजही शहरातल्या फ्लॅटमधला अलार्म २३० व्होल्ट घेऊन आत त्याचे १२ व्होल्ट डीसी करतो आणि मगच चालतो. मांगरात ते १२ व्होल्ट थेट देता येतात.

किती लागतात? साध्या अलार्म पॅनेलला, सेन्सर आणि फोनवर निरोप धाडणारा सिमकार्डचा डायलर धरून, नुसतं जागं राहायला १०० मिलिअँपिअर धरू. १२ व्होल्टवर हे झाले १.२ वॉट, आणि दिवसरात्र मिळून सुमारे २९ वॉट-तास. आता सायरन बघा. तो एक अँपिअर खातो, म्हणजे १२ वॉट. पण तीन मिनिटं कानठळ्या बसवून तो वापरतो फक्त ०.६ वॉट-तास. तेवढीच वीज अलार्मला अर्धा तास गप्प बसायला लागते! मला या आकड्याचं नवल संपता संपत नाही. आपण समजतो की खर्च ओरडण्याचा आहे. खरा खर्च आहे वाट बघण्याचा, आणि सोलरवरच्या अलार्मची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी राहते. सायरन कितीही मोठा घ्या. पैसे मोजायचे ते पॅनेल गप्प असताना कमी खाणारं मिळवण्यासाठी.

म्हणूनच इथे इन्व्हर्टर नको, असं माझं ठाम मत आहे. छोटा इन्व्हर्टरसुद्धा काहीही न चालवता नुसता सुरू राहायला पाच-दहा वॉट खाऊ शकतो, म्हणजे ज्याच्यासाठी तो ठेवला त्या अलार्मच्या कितीतरी पट. डीसीचं एसी करायचं आणि अलार्मच्या अडॅप्टरने परत डीसी करायचं, हा वळसा कशासाठी?

वीज येणार सोलर प्लेटीतून. सूर्यापासून आठ मिनिटांपूर्वी निघालेला प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरतो, एका इलेक्ट्रॉनला जागचा हलवतो, आणि दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सीमेवरचं विद्युतक्षेत्र त्याला एकाच दिशेने ढकलतं. काही फिरत नाही, काही जळत नाही. २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतल्या बेल लॅब्जने असा सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला, तेव्हा त्यावर खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. पडलेल्या उन्हाच्या ६ टक्के त्याची वीज होत होती. आज बाजारातल्या प्लेटी २० टक्क्यांच्या पुढे गेल्या आहेत. चारच वर्षांनी, मार्च १९५८ मध्ये, व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह सौरघट घेऊन वर गेला. त्याचा बॅटरीवरचा ट्रान्समीटर जूनमध्येच गप्प झाला, सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. तारेपासून तुटलेल्या छोट्या यंत्राला ऊन किती काळ जागं ठेवू शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

बारा व्होल्टच्या प्लेटीत बहुधा ३६ घट ओळीने जोडलेले असतात. एकेक घट सुमारे अर्धा व्होल्ट देतो, एकूण १८ च्या आसपास. ढग आले की करंट घसरतो, पण व्होल्टेज फारसं पडत नाही. म्हणून आभाळ भरलेलं असतानाही बॅटरीत थोडं थोडं जातच राहतं. मात्र ओळीतल्या एका घटावर फणसाचं पान चिकटलं तर? विहिरीपासून हातोहात बादल्या देणाऱ्यांच्या रांगेत एक जण थांबला की सगळी रांग थांबते, तसं होतं. प्लेट झाडाच्या सावलीपासून दूर हवी, हे चोरापासून दूर असण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

खरी परीक्षा आषाढात. एप्रिलच्या उन्हात २० वॉटची प्लेटही या अलार्मला पुरून उरेल. पण जुलैतला एखादा कुंद दिवस दिवसभरात मिळून जेमतेम एका तासाच्या कडक उन्हाइतकाच प्रकाश देतो असं समजा. २० वॉटच्या प्लेटीतून वजावट जाऊन १४ वॉट-तास येतील, आणि लागतात २९. ५० वॉटची घेतली तर ३५ येतील. चार-साडेचार चौरस फुटांची ही प्लेट अशा दिवशीही हिशेब जुळवते. त्याहून वाईट दिवसांसाठी बॅटरी. पाच दिवसांचे झाले १४५ वॉट-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून १२ व्होल्टची २५-२६ अँपिअर-तासांची घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेटची अर्ध्या आकाराची पुरते. तापलेल्या पत्र्याखाली मात्र बॅटरी ठेवू नका. लेड-ॲसिडचं आयुष्य दर १० अंशांनी साधारण निम्मं होत जातं.

प्लेट दक्षिणेकडे कलती ठेवतात, हे सगळे सांगतात. पण कोकणात मेच्या पूर्वार्धात शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो! शिवाय ढगांतून प्रकाश येतो तो सबंध आभाळातून. त्यामुळे मृगापासून श्रावणापर्यंत जेवढी आडवी तेवढी बरी, फक्त पाणी आणि पाला घसरून जाण्याइतका दहाएक अंशांचा उतार हवा.

सिमकार्डचा डायलर सरासरीने थोडं खातो, पण टू-जीवर निरोप पाठवताना सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ दोन अँपिअरपर्यंत ओढू शकतो. वायर बारीक किंवा लांब असेल तर नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज पडतं आणि चोर आत असताना डायलर रीसेट होतो. वायर जाड आणि आखूड ठेवावी.

आणि एक सेटिंग. बॅटरी पार उतरू नये म्हणून प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारा चार्ज कंट्रोलर ११ व्होल्टच्या आसपास पुढचा पुरवठा तोडतो. बॅटरीसाठी हे योग्यच, पण अलार्म त्या क्षणी कुणालाही न सांगता बंद पडतो. म्हणून बॅटरी उतरल्याचा निरोप त्याच्या पुष्कळ आधी, लेड-ॲसिड १२ व्होल्टवर आली की, जाईल असं ठेवायचं. मग मुंबईहून वाडीत फोन करून ‘काका, जरा वर जाऊन प्लेट पुसून याल का?’ असं विचारायला एक-दोन दिवस हाताशी राहतात.