मुलें आणि मोबाईलचा पडदा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील टेंभली हें लहानसें गांव साऱ्या देशास ठाऊक आहे. देशांतील पहिलें आधारपत्र ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच गांवीं दिलें गेलें. यंत्रयुगाची ही पायरी या जिल्ह्यानें वाजतगाजत ओलांडली. दुसरी मात्र न कळत ओलांडली गेली. २०२० सालीं कोरोनाच्या सांथीमुळें शाळा बंद पडल्या आणि शिक्षण मोबाईलवर आलें. धडगांव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवर त्या यंत्राच्या लहरीच पोहोंचत नव्हत्या. सपाटीवरील अनेक घरांत मात्र पालकांनींच तें मुलाच्या हातीं दिलें. पुढें शाळा उघडल्या. यंत्र कांहीं परत गेलें नाहीं. त्याबद्दल एकट्या मुलास दोष देणें न्यायाचें नव्हे.

या पडद्यानें बिघडतें तें काय? जवळची वस्तु पाहतांना डोळ्यांतील भिंगाभोंवतालचा स्नायु आंवळलेला राहतो, पापण्याहि कमी लवतात. म्हणून डोळे शिणतात, कोरडे पडतात. तासन् तास जवळ पाहणें आणि उघड्या उजेडांत खेळणें कमी होणें, यांमुळें लघुदृष्टीचा दोषहि वाढतो. झोंपेचें नुकसान याहून मोठें. अंधार पडूं लागला म्हणजे मेंदूंत मेलॅटोनिन नांवाचा रस पाझरतो व शरीरास निद्रेची सूचना मिळते. निळसर प्रकाश त्या सूचनेस उशीर लावतो. त्यांत चित्रांची मालिका कधीं संपत नाहीं. नाटकास शेवटचा पडदा असतो, या पडद्यास तोहि नाहीं.

सर्वांत नाजूक प्रश्न बोलीचा. मूल ऐकून बोलूं लागतें, हें अर्धेंच खरें. त्यास उत्तरहि मिळावें लागतें. आई भिलोरींत, पावरींत किंवा अहिराणींत कांहीं विचारते, मूल बोबडें बोलतें, आई हंसून तोच शब्द नीट उच्चारते. पडदा पुष्कळ बोलतो, बहुधा परक्या भाषेंत, आणि ऐकत मुळींच नाहीं. दोन वर्षांच्या आंतील मुलास तो दाखवूं नये, चार वर्षांपर्यंत दिवसास एका तासाहून अधिक नको, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सुचविलें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१६ सालीं एक सूट मात्र ठेवली होती: दूरच्या आप्तांशीं समोरासमोर होणारें बोलणें. नंदुरबारला ही सूट फार मोलाची. येथील कितीतरी आईबाप ऊंसतोडीसाठीं गुजराथेंत जातात, आणि मागें आजीपाशीं राहिलेल्या मुलास त्यांचें तोंड दिसतें तें याच पडद्यावर.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें १५ ऑगस्ट २०२२ पासून एक उपाय योजिला. सायंकाळीं सात वाजतां मंदिरावरील भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर मोबाईल व दूरदर्शनसंच बंद ठेवावयाचे. यांतील खरी मेख अशी कीं, नियम थोरांसहि लागू आहे. बाप पडद्यांत गुंतलेला असतां पोरानें पुस्तक उघडावें, ही अपेक्षाच व्यर्थ. सातपुड्याच्या पाड्यांवर मात्र हीच घटका जशीच्या तशी नेऊन भागणार नाहीं. ऊंसाच्या फडांतून मोकळे झालेले आईबाप फोन करितात तो बहुधा सायंकाळींच. तेथें भोंग्याची वेळ पाड्यानेंच ठरवावी लागेल, तीहि आजीस विचारून.