ड्यूकच्या पोथीतला नांगऱ्या

श्रोतेहो, आज एका पोथीची हकीकत सांगणार आहे. पोथी आपल्याकडची नव्हे, फ्रान्समधली, सहाशे वर्षांपूर्वीची. पण तिचे मार्च महिन्याचे पान कुणाही शेतकऱ्याला ओळखीचे वाटेल. पिकल्या दाढीचा एक म्हातारा बैलांचा नांगर धरून चालला आहे, आणि मागे भला मोठा किल्ला उभा आहे.

ही प्रार्थनेची पोथी. दिवसाच्या आठ ठरलेल्या वेळी भाविकाने काय म्हणायचे ते तीत लिहिलेले, आणि आरंभी बारा महिन्यांचे पंचांग. युरोपात छापखाना अजून निघायचा होता, तेव्हा सारे काम हातचे. ती करवून घेतली बेरीचा ड्यूक जाँ याने, १४११ च्या सुमारास. हा फ्रान्सच्या राजाचा चुलता.

पोथीला कागद नाही, वासराचे कातडे! पण ते चांभार कमावतो तसे कमवायचे नाही बरं का. चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस काढायचे, लाकडी चौकटीवर ताणून बांधायचे आणि अर्धचंद्री सुरीने खरवडत ताणातच सुकू द्यायचे. मग ते पांढरे, गुळगुळीत होते. एका कातड्यातून मोजकीच पाने निघत. या पोथीची पाने २०६. वासरे किती लागली असतील, तो हिशेब ज्यांच्या दारी गोठा आहे त्यांनीच करावा.

पानावर रेघा आखून लेखनिक पिसाच्या लेखणीने मजकूर लिही. आपल्या बोरूला देतात तसाच लेखणीला छाट. चित्रापुरती जागा तो कोरी सोडी. मग चित्रकार बसे. रीत अशी, की सोने आधी आणि रंग मागाहून. कारण वर्ख चिकटवून तो जनावराच्या दाताने घोटायचा, आणि त्या घासण्यात आधी दिलेला रंग टिकत नाही. निळा रंग तर अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या दगडाचा.

चित्रकार होते पॉल, योहान आणि हेर्मान हे लिंबुर्ग बंधू. मोठे मिस्कील! १४११ च्या नववर्षाला त्यांनी ड्यूकला एक पोथी नजर केली. वर पांढरे मखमल, चांदीच्या कड्या. उघडायला जावे तर आत नुसता लाकडाचा ठोकळा. ड्यूकने तो जपून ठेवला.

इथवर ड्यूक रसिक वाटतो, आणि होताही. पण पैसा कुठला? दक्षिण फ्रान्सचा कारभार याच्याकडे असताना करांनी रयत इतकी गांजली की तिने बंड केले. १३८९ मध्ये राजानेच त्याला तिथून दूर केले. पोथीच्या पानोपानी नांगरणी, गवतकापणी, मेंढ्यांची लोकर कातरणे, पेरणी, अगदी शेतातले बुजगावणेसुद्धा आहे. पण पोथी राहायची ड्यूकच्या दालनात. नांगऱ्याचे चित्र नांगऱ्याच्या दृष्टीस कधी पडायचे?

१४१६ साली ड्यूक वारला. त्याच वर्षी तिघे भाऊही गेले, ऐन तारुण्यात. मागे राहिले देणे आणि न शिवलेल्या पानांची एक पेटी. मोजदाद करणाऱ्यांनी तिची किंमत लावली ५०० लिव्हर. पुढे पोथी सावॉयच्या ड्यूककडे गेली. त्याने १४८५ च्या सुमारास जाँ कोलोंब या चित्रकाराकडून राहिलेले काम पुरे करवले. त्यानंतर कित्येक वर्षे तिचा पत्ताच नाही. १८५६ मध्ये ओमालच्या ड्यूकने ती इटलीतून विकत घेतली आणि आपला शांतिई येथला वाडा, संग्रहासकट, एका विद्वत्संस्थेला दान केला. अट अशी: तिथली वस्तू बाहेर जायची नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पोथीचा पुढचा भाग उसवला होता. तेव्हा पंचांगाची पाने सुटी करून शांतिईलाच लोकांपुढे मांडली. तिकीट काढून येईल त्याला त्या म्हाताऱ्या नांगऱ्यासमोर उभे राहता येत होते.