कामांची साखळी

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले आहे आणि एका वर्गाने नाटक बसवण्याचे ठरवले आहे, अशी कल्पना करा. नाटक निवडण्यास 2 दिवस लागतील. तालमींना 12 दिवस, पोशाख शिवण्यास 5 दिवस आणि नेपथ्याचे पडदे रंगवण्यास 3 दिवस हवेत. सर्व सिद्धता झाल्यावर शेवटी 1 दिवस रंगीत तालीम होईल. या साऱ्या दिवसांची बेरीज 23 होते. मग नाटक उभे राहण्यास 23 दिवस लागतील काय? नाही. नाटक एकदा निश्चित झाले, की तालमी, शिवणकाम आणि रंगकाम ही तिन्ही कामे वेगवेगळ्या मुलांना एकाच वेळी करता येतात. त्यांत सर्वांत लांबणारे काम तालमींचे. म्हणून 2, 12 आणि 1 असे मिळून 15 दिवस पुरतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पोशाख तयार होण्यास 7 दिवस उशीर झाला, तरी नाटक ठरल्या दिवशी होईल; पण तालमींचे काम एका दिवसाने जरी लांबले, तरी नाटक एक दिवस पुढे जाईल. कोणते काम कोणत्या कामावाचून अडते आणि कोणत्या कामाला किती सवड आहे, हे ओळखणे हेच सांघिक कार्याच्या नियोजनाचे मर्म होय.

पाच कामांचा हिशेब तोंडी करता येतो. परंतु जहाज बांधावयाचे किंवा कारखाना उभारावयाचा, तर कामांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी यासाठी एक सोपा तक्ता प्रचारात आणला. वरच्या बाजूस तारखा, डावीकडे कामांची नावे आणि प्रत्येक कामासमोर, ते जितके दिवस चालेल तितकी लांब आडवी पट्टी, असे त्याचे स्वरूप असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीवर व दारूगोळ्याच्या उत्पादनावर देखरेख ठेवण्यासाठी असे तक्ते उपयोगी पडले. त्यांत एक अडचण मात्र होती. एक काम लांबले, की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व पट्ट्या हाताने पुन्हा आखाव्या लागत.

ही अडचण संगणकाने दूर केली. 1957 मध्ये ड्यू पॉन्ट या रसायने बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कंपनीतील जेम्स केली यांनी कामांच्या साखळीचे गणित मांडले. ते सोडवण्यासाठी त्यांनी युनिव्हॅक नावाचा संगणक वापरला. एकामागून एक कराव्या लागणाऱ्या कामांच्या सर्वांत लांब साखळीला पुढे ‘क्रिटिकल पाथ’, म्हणजे निर्णायक मार्ग, हे नाव मिळाले. वरच्या उदाहरणात निवड, तालमी आणि रंगीत तालीम हाच तो मार्ग होय.

युनिव्हॅक एका मोठ्या खोलीची जागा व्यापीत असे. आज तेच गणित मेजावरील छोट्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर करते. प्रत्येक काम, ते करणाऱ्याचे नाव आणि मुदत त्यात नोंदवली जाते. एक तारीख बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या तारखा आपोआप बदलतात. दूरदूरच्या शहरांत बसलेल्या सहकाऱ्यांना एकच तक्ता एकाच वेळी पाहता येतो.

तथापि, हा तक्ता स्वतः काही पाहत नाही. त्याला जे सांगावे तेवढेच तो जाणतो. समजा, पोशाखांची जबाबदारी घेतलेल्या मुलाने कापड अजून आणलेलेच नाही. पण संकोचामुळे त्याने ‘शिवणकाम चालू’ अशी नोंद केली. सारे निश्चिंत राहतील आणि रंगीत तालमीच्या दिवशी पोशाखांवाचून अडेल. तेच, ‘कापड आणलेले नाही’ असे त्याने वेळीच लिहिले, तर हाताशी 7 दिवसांची सवड आहे. पडदे रंगवून मोकळी झालेली मुले त्याच्या मदतीस धावतील. गणित संगणक करील. खरी नोंद मात्र ज्याची त्यानेच करावयाची असते.