आपले टेलिफोन एक्स्चेंज आणि रात्रीची घंटा



"कारखान्याला फोन लावला तर कोणी उचलतच नाही," ही तक्रार गळीत हंगाम सुरू झाला की दरवर्षी कानावर येते. आम्ही एक्स्चेंजमध्ये बसणारी मंडळी. तक्रार कधी खरी असते, कधी नसते. पण असे का होते हे सभासदांना कोणी नीट सांगितलेले नाही. म्हणून आज थोडे लिहितो.

आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या लाइनी आठ आणि आतले टेलिफोन शहाण्णव. पाटाला पाणी आठच दारांनी येते आणि वाफे शहाण्णव भिजवायचे, असा हा हिशेब. मग कोणाला तरी दारे धरावी लागतात. ते काम ऑपरेटरचे. पूर्वी बोर्डावर भोके असत आणि दोरीचा प्लग एका भोकातून काढून दुसऱ्यात घालावा लागे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करून बसायचे. एस.टी.डी. आपल्या देशात १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली, पण खेड्यापाड्यात ती पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. आता भिंतीवरच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आहे आणि आमच्या टेबलावर बटणांचा एक मोठा फोन.

ऑपरेटरवरची तक्रार तशी फार जुनी. अमेरिकेत स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीचे साहित्य पुरवण्याचा धंदा करीत. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते असा त्यांना संशय आला, म्हणून त्यांनी ऑपरेटरशिवाय चालणारे एक्स्चेंज शोधून काढले, असे सांगतात. त्याचे पेटंट त्यांना १८९१ साली मिळाले. आमची नोकरी त्यानंतरही टिकली, ही गोष्ट वेगळी!

तुमचा फोन येतो तेव्हा आमच्याकडे दिवा लागतो. आम्ही उचलतो, काम विचारतो, तुम्हाला होल्डवर ठेवून आतला नंबर फिरवतो आणि समोरच्याने 'द्या' म्हटले की जोडून देतो. शेतकी खात्याच्या तीन फोनांना ओळीने लावले आहे. पहिला गुंतलेला असेल तर दुसरा वाजतो, मग तिसरा. तिसावा सेकंद उलटला आणि कोणी उचलले नाही, तर फोन परत आमच्याकडे येतो. तेव्हा "थांबा, पुन्हा लावतो" असे आम्ही म्हणतो. ते ऐकून राग येऊन फोन ठेवू नका. ठेवलात तर आठातली ती लाइन दुसऱ्याला जाते आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी.

हे सगळे मशीनला आधी सांगून ठेवावे लागते. त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात. नाव मोठे, पण काम आमच्या टेबलावरच्या फोनवरूनच होते. गुप्त आकडा दाबायचा, कोणता हुकूम त्याचा आकडा दाबायचा, मग एक्स्टेन्शनचा नंबर. बरोबर असेल तर एक सूर येतो, चुकले तर वेगळा. कोणत्या फोनवरून फक्त आत बोलता येईल आणि कोणत्यावरून परगावी, हेही तिथेच ठरते. "आमच्या फोनवरून बाहेर का लागत नाही?" असे खातेप्रमुख विचारतात. ते लेखी मंजुरीवर असते, आमच्या मर्जीवर नाही.

एक घोळ मात्र अजून चालू आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. आपल्याकडे बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच. म्हणजे आतल्या फोनवरून सभासदाच्या मोबाईलला लावताना दोन शून्ये झाली. गट ऑफिसातले कर्मचारी एकच शून्य लावतात, फोन लागत नाही, आणि सभासद म्हणतो, तोडीचा निरोपच आला नाही.

आता खरी गोष्ट. २०१८-१९ च्या हंगामात एका रात्री दोनच्या सुमारास उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उलटली आणि ड्रायव्हरचा पाय खाली सापडला. शेजारच्या वस्तीवरचे सभासद धावत आले. क्रेन कारखान्याची, गाडी कारखान्याची, म्हणून त्यांनी ऊस नोंदीच्या पावतीवरचा आपलाच नंबर लावला. घंटा वाजत राहिली. अकरा वेळा लावला, असे ते सांगतात. अखेर मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून ऊस उपसला आणि ड्रायव्हरला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पाय वाचला, पण गडी दोन हंगाम कामावर येऊ शकला नाही.

घंटा वाजत होती ती कुठे? संध्याकाळी ऑपरेटर घरी जाताना बोर्ड 'नाइट'वर टाकतो. मग बाहेरून आलेला फोन ठरवून दिलेल्या एका एक्स्टेन्शनवर जातो. आपल्याकडे तो टाइम ऑफिसात जायचा. त्या दिवाळीत टाइम ऑफिस गेटजवळच्या नव्या इमारतीत हलले आणि त्यांना नवा नंबर मिळाला. नाइटचा नंबर बदलायचा राहिला. मशीन बिचारे सांगितल्याप्रमाणे कुलूपबंद खोलीत रात्रभर घंटा वाजवीत बसले. ही चूक मशीनची नव्हे, टाइम ऑफिसची नव्हे, आमची होती. त्या सभासदांच्या घरी जाऊन आम्ही तसे सांगितले.

त्यानंतर नाइटचा फोन एकाच जागी ठेवलेला नाही. आधी गेटवर वाजतो, वीस सेकंदांत उचलला नाही तर मिल हाऊसच्या शिफ्ट इंजिनिअरकडे, तिथेही नाही तर केनयार्डच्या काट्यावर. काटा हंगामात कधी रिकामा नसतो. सगळ्यांकडे मोबाईल असताना हे कशाला, असे काही जण म्हणतात. मोबाईल शिफ्ट संपली की माणसाबरोबर घरी जातो. एक्स्टेन्शन खुर्चीपाशी राहते आणि खुर्चीवर कोणी ना कोणी असते. वीज ट्रिप होऊन बॅटरीही संपली तर दोन लाइनी आपोआप थेट गेट आणि दवाखान्याच्या फोनला जोडल्या जातात, तेही आता दर महिन्याला तपासतो.

दुसरी दुरुस्ती ११२ ची. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या मार्शल गावी डिसेंबर २०१३ मध्ये एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट नावाच्या बाईंवर जीवघेणा हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिकडचा मदतीचा नंबर ९११ चार वेळा लावला. शिकवलेले तिने बरोबर केले. पण त्या फोनवर बाहेरच्या लाइनीसाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागे, ते तिला कोण सांगणार? आई गेली. त्यांच्या नावाचा कायदा तिकडे २०१८ साली झाला. अशा फोन यंत्रणांवर मदतीचा नंबर आधी काहीही न लावता लागला पाहिजे आणि त्याच वेळी तिथल्या माणसांनाही ते कळले पाहिजे, असे त्यात आहे.

हे वाचले तेव्हा आम्ही आपल्याच बोर्डावर ११२ लावून पाहिला. साखर गोदामाने उचलला! आतला ११२ नंबर गोदामाचा होता. तेव्हापासून आतले सगळे नंबर २०० च्या पुढचे केले आणि ११२ ला मोकळी वाट ठेवली. शून्य लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे तो बाहेर जातो. वसाहतीतला, तोडणी कामगारांच्या कोपींजवळच्या खोलीतला, वॉचमनचा, कोणत्याही फोनवरून जातो. तिथे मंजुरी लागत नाही. पलीकडे मात्र कारखान्याचा मुख्य नंबरच दिसतो, कोणता फोन ते दिसत नाही. म्हणून जागा तोंडाने सांगावी. आमच्या टेबलावर आणि गेटवर त्याच वेळी तो एक्स्टेन्शन नंबर उमटतो, म्हणजे गाडी आली की वॉचमन तिला वाट दाखवील.

खाती, गट ऑफिसे यांना एकच विनंती. टेबल हलले, खोली बदलली, तर एक चिठ्ठी एक्स्चेंजला द्यावी. आमच्याकडे एक वही आहे, त्यात तारीख घालून बदल लिहितो आणि त्याच रात्री बाहेरून फोन लावून पाहतो. सभासदांनीही हंगामात कधी रात्री नऊनंतर सहज लावून पाहावा. कोणी उचलला नाही तर सकाळी येऊन वहीत लिहावे. वही गेटवर खिडकीत ठेवली आहे.