रॉ फाईल : छायाचित्राची मूळ प्रत आणि तिचे संपादन

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• रॉ फाईल आणि जेपीईजी फाईल यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• हस्तलिखिताच्या रॉ छायाचित्राचे संपादन योग्य क्रमाने करता येईल.
• छायाचित्रातील कोणते बदल स्वीकारार्ह आणि कोणते टाळावयाचे, हे ठरवता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुनी पोथी, मोडी दप्तरातील कागद किंवा घरातील जीर्ण पत्रे अभ्यासताना मूळ कागद वारंवार हाताळणे योग्य नसते. म्हणून आपण त्यांचे छायाचित्र घेतो आणि पुढील वाचन त्यावरूनच करतो. अशा वेळी छायाचित्रात दिसणारे टिंब कागदावर खरोखरच आहे की संगणकाच्या प्रक्रियेतून उमटले आहे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. ‘पत’ आणि ‘पंत’ या शब्दांत एका अनुस्वाराचेच अंतर आहे. म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाला रॉ फाईलचा परिचय असणे आवश्यक आहे.

२. रॉ फाईल म्हणजे काय?

‘रॉ’ म्हणजे कच्चा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लक्षावधी प्रकाशग्राही बिंदू असतात. प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतो; त्याला रंग कळत नाही. म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या ज्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले, तीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. रॉ फाईलमध्ये या मोजणीचे आकडे साठवलेले असतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरल्याखेरीज रंगीत चित्र तयार होत नाही.

जेपीईजी फाईल तयार करताना हे अनुमान कॅमेराच करतो. रंग, उजेड आणि अक्षरांच्या कडांची धार तोच ठरवतो आणि बरीचशी माहिती कायमची टाकून देऊन फाईल लहान करतो. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉ फाईलमध्ये ४,०९६, तर १४ बिटांच्या फाईलमध्ये १६,३८४. उडालेली शाई आणि पिवळा पडलेला कागद यांत थोड्याच पायऱ्यांचे अंतर असते. अशा ठिकाणी हा फरक निर्णायक ठरू शकतो.

३. फाईल उघडताना

कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू अशी प्रत्येक कंपनीची रॉ फाईल वेगळी असते. त्यामुळे नव्या कॅमेऱ्याची फाईल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा उघडत नाही. याचा अर्थ फाईल बिघडली असा नव्हे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी. अथवा अ‍ॅडोबीच्या विनामूल्य डीएनजी कन्व्हर्टरने फाईलचे डीएनजी रूपांतर करावे. डीएनजी हे सर्वांना वापरता यावे असे स्वरूप अ‍ॅडोबीने २००४ मध्ये जाहीर केले. अनेक मोबाईल फोनही कॅमेऱ्याच्या ‘प्रो’ पर्यायात डीएनजी फाईल देतात.

संपादनासाठी लाइटरूम हे सशुल्क, तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. फाईल उघडल्यावर आधी दिसलेले उठावदार चित्र काही वेळा क्षणात फिके पडते. त्याने गोंधळून जाऊ नये. आधी दिसते ते कॅमेऱ्याने रॉ फाईलमध्येच ठेवलेले लहान जेपीईजी चित्र. नंतर दिसते ते सॉफ्टवेअरने मूळ आकड्यांवरून स्वतः तयार केलेले चित्र.

४. संपादनाचा क्रम

(१) प्रत ठेवणे : मेमरी कार्डावरील रॉ फाईल प्रथम दोन स्वतंत्र ठिकाणी उतरवून घ्या.

(२) रंगसंतुलन : छायाचित्र घेताना पानाशेजारी राखाडी रंगाचे प्रमाणित कार्ड ठेवा. ‘व्हाईट बॅलन्स’मधील रंग टिपण्याचे साधन त्या कार्डावर टेकवा, कागदावर नव्हे. कागदावर टेकवल्यास सॉफ्टवेअर जुना कागद पांढरा करील आणि कागदाच्या मूळ रंगाचा पुरावा चित्रातून नाहीसा होईल.

(३) उजेड : ‘एक्स्पोजर’ बदलताना हिस्टोग्राम या आलेखाकडे लक्ष ठेवा. अंधारलेला भाग बऱ्याच अंशी उजळता येतो, मात्र त्यात कणकणाट वाढतो. सेन्सरच्या क्षमतेपलीकडे उजळलेला भाग परत मिळत नाही, कारण तेथे माहितीच नोंदलेली नसते.

(४) शाईचा उठाव : ‘कॉन्ट्रास्ट’ बेताने वाढवा. पाठीमागच्या पानावरील शाई उमटली असेल, तर तीही त्याबरोबर गडद होते.

(५) कण आणि धार : चित्र १०० टक्के आकारात पाहूनच ‘नॉईज रिडक्शन’ आणि ‘शार्पनिंग’ वापरा. पहिल्याच्या अतिरेकाने फिकट अनुस्वार पुसला जातो. दुसऱ्याच्या अतिरेकाने कागदावरील डाग अनुस्वारासारखा दिसू लागतो.

(६) निर्यात : जतनासाठी टिफ, तर वाचनासाठी किंवा इतरांना पाठवण्यासाठी जेपीईजी प्रत काढा.

५. मूळ आणि नोंद

वरील सर्व बदल करूनही रॉ फाईलमधील मोजणीचे आकडे बदलत नाहीत. डार्कटेबल आपल्या सूचना एक्सएमपी नावाच्या लहान फाईलमध्ये, तर रॉथेरपी पीपी३ फाईलमध्ये मूळ फाईलशेजारी लिहून ठेवते. लाइटरूम त्या आपल्या कॅटलॉगमध्ये नोंदवते. म्हणून रॉ फाईल दुसऱ्या संगणकावर नेताना ही सोबतची फाईलही न्यावी. अन्यथा मूळ शाबूत राहील, पण तुमचे संपादन सोबत जाणार नाही.

ही पद्धत साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तीत स्वीकारलेली संहिता वर आणि हस्तलिखितांतील पाठभेद तळाशी दिलेले आहेत. त्यामुळे संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता येतो. रॉ फाईल आणि तिच्या शेजारची नोंद यांचे नातेही असेच आहे. संपादित चित्र हे एक वाचन असते. त्याच्याशी असहमत होण्याची सोय पुढच्या अभ्यासकासाठी खुली ठेवणे ही आपली जबाबदारी होय. कागदावरील डाग किंवा कसरीने पाडलेली छिद्रे ‘क्लोन’सारख्या साधनाने बुजवू नयेत, ती याचसाठी. तो बदल शोभेचा असला, तरी पुरावा बदलणारा असतो.

६. सारांश

रॉ फाईल म्हणजे तयार चित्र नव्हे. ती सेन्सरने केलेल्या प्रकाशमापनाची नोंद आहे. तिचे संपादन म्हणजे त्या नोंदीचा अर्थ लावणे होय. मूळ फाईल, बदलांची नोंद आणि निर्यात केलेली प्रत या तिन्ही गोष्टी एकत्र जतन केल्या, तरच हस्तलिखिताचे छायाचित्र अभ्यासाचे विश्वसनीय साधन ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रंगसंतुलन करताना जुन्या कागदाऐवजी राखाडी कार्डाचा आधार का घ्यावा?
२. ‘संपादित चित्र हे एक वाचन असते’ हे विधान पाठचिकित्सेच्या आधारे स्पष्ट करा.
३. घरातील एखाद्या जुन्या पत्राचे रॉ छायाचित्र घ्या. त्याच्या दोन भिन्न संपादित प्रती तयार करून कोणते अक्षर कोणत्या प्रतीत वेगळे वाचले जाते, याची नोंद करा. त्यानंतर ती अक्षरे मूळ पत्रावर पडताळून पाहा.